बंदराचा वीजपुरवठा वाढवायचाय? लोड फ्लो अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंदरांतले इलेक्ट्रिकल इंजिनिअर, टर्मिनलची मेंटेनन्सची मंडळी, ठेकेदार आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले आकडे पद्धत कळावी म्हणून घेतलेत. तुमच्या बंदराचे आकडे तुमच्याच मीटरवरून घ्या.

१. लोड फ्लोमधून नेमकं काय कळतं?

विजेच्या जाळ्यातल्या प्रत्येक बसवर (केबल, ट्रान्सफॉर्मर आणि भार जोडले जातात तो बिंदू) व्होल्टेज किती राहील, प्रत्येक केबलमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून किती किलोवॅट आणि किती केव्हीएआर (काम न करता जाळ्यात ये-जा करणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) जातील, आणि वाटेत किती वीज वाया जाईल, हे कळतं. हे चित्र एका स्थिर क्षणाचं असतं. अमुक भार चालू, अमुक ब्रेकर बंद, अमुक उघडे, ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची पायरी) या ठिकाणी, अशा वेळी जाळं कसं बसेल ते दिसतं. फॉल्ट झाला तर किती करंट येईल, मोटर सुरू होताना काय होईल, रिले कधी ट्रिप होईल, ही उत्तरं यात नाहीत. ते अभ्यास वेगळे आहेत, पण बहुतेकांची सुरुवात याच मॉडेलपासून होते.

२. वीज कंपनीकडून डिमांड (मंजूर कमाल भार) वाढवून घेतली, ३३/११ केव्हीचा मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला की काम झालं. मग अभ्यासावर खर्च कशाला?

कारण अडचण बहुतेक वेळा तिथे नसतेच. एक साधं गणित बघा. मुख्य सबस्टेशनपासून यार्डातल्या सबस्टेशनपर्यंत २.५ किमी लांबीची ११ केव्ही केबल आहे: अ‍ॅल्युमिनियम, तीन कोअर, २४० चौ. मिमी. गरम झालेल्या केबलचा रेझिस्टन्स किमीला साधारण ०.१६ ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स ०.०९ ओहम धरा. तिच्यावर ०.८५ पॉवर फॅक्टरने ४ मेगावॅट भार टाकला, तर करंट सुमारे २४७ अँपिअर, व्होल्टेज ड्रॉप १.८ टक्के आणि केबलमधली हानी ७३ किलोवॅटच्या आसपास.

आता तिथल्याच ११/०.४३३ केव्ही, १६०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरकडे या. इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा अंतर्गत अडथळा) ६ टक्के, भार ८० टक्के, पॉवर फॅक्टर ०.८. एवढ्या एका ट्रान्सफॉर्मरमध्ये ड्रॉप होतो ३.५ टक्के, म्हणजे अडीच किलोमीटर केबलच्या जवळजवळ दुप्पट. साइटवर सगळे केबलला शिव्या घालतात, आणि व्होल्टेज खाऊन बसलेला असतो ट्रान्सफॉर्मर.

दोन्ही मिळून ५.३ टक्के. विनाभार ४३३ व्होल्टचे ४१० राहिले. वरून ११ केव्हीच ४ टक्के कमी आलं, तर ३९४ व्होल्ट, म्हणजे ४१५ च्या मानाने पाच टक्क्यांहून अधिक खाली. लघुदाबाची ±६ टक्क्यांची मर्यादा तिथून हाताच्या अंतरावर. मुख्य ट्रान्सफॉर्मर १० एमव्हीएचा २० केला तरी या ५.३ टक्क्यांत काही फरक पडत नाही. उलट दुसरीकडे एक नवी अडचण उभी राहते (प्रश्न १० पाहा).

३. स्लॅक बस, पीव्ही बस, पीक्यू बस: बंदरात यातली कुठली कुठे?

वीज कंपनीकडून सप्लाय घेता तो बिंदू स्लॅक बस. त्याचं व्होल्टेज आणि कोन ठरलेला, आणि बाकीच्या हिशेबात कमी-जास्त पडेल ते तो भरून काढतो. भाराच्या सगळ्या बस पीक्यू, म्हणजे किलोवॅट आणि केव्हीएआर ठरलेले. पीव्ही बस (किलोवॅट आणि व्होल्टेज ठरलेलं) बंदरात क्वचितच लागते: व्होल्टेज सांभाळणारा जनरेटर समांतर चालत असेल तर, किंवा व्होल्टेजवर चालणारं स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटर असेल तर. छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर चालत असेल तर तो पीक्यूच, फक्त चिन्ह उलटं.

एक गोष्ट मात्र बघा. स्लॅक बसला सगळे डोळे झाकून १०० टक्के व्होल्टेज देतात. वीज कंपनीच्या सबस्टेशनवर संध्याकाळी खरोखर किती व्होल्टेज असतं, ते लॉगशीटवरून काढा आणि सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही आकड्यांवर अभ्यास चालवा.

४. जहाजावरचे कंटेनर उतरवणाऱ्या क्वे क्रेनचा भार किती धरायचा? नेमप्लेटवरचा धरला तर ट्रान्सफॉर्मर अवाढव्य होतो.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि अभ्यास फसतो तोही बहुधा इथेच. क्रेनला एकच भार नसतो. भरलेला कंटेनर वर उचलताना ती मोठा भार ओढते, खाली सोडताना वीज परत देते (आधुनिक ड्राइव्ह असेल तर), आणि मधल्या वेळात दिवे, एसी आणि ट्रॉलीपुरता भार राहतो. तासाला तीस कंटेनर हलवणाऱ्या क्रेनचं एक चक्र दोन मिनिटांचं.

समजा या चक्राचा पाव भाग क्रेन १५०० किलोवॅट घेते, पाव भाग ७०० किलोवॅट परत देते आणि उरलेला अर्धा वेळ ४०० किलोवॅटवर असते. सरासरी निघते ४०० किलोवॅट. पण केबलला वीज आली काय नि गेली काय, ती दोन्हीकडून तापते. तापण्याच्या हिशेबाने, म्हणजे आरएमएस काढल्यावर, हीच क्रेन ८७५ किलोवॅटची ठरते. अशा क्रेनची स्वतःची केबल ४०० किलोवॅटवर बेतली तर ती जळणार.

आता अशा सहा क्रेन एका बसवर घ्या:

- सगळी शिखरं एकत्र धरली तर ९ मेगावॅट. एवढा भार प्रत्यक्षात जवळजवळ येतच नाही.
- तीन क्रेन शिखरावर आणि तीन सरासरीवर: ५.७ मेगावॅट. व्होल्टेज किती खाली जाईल ते या आकड्यावर तपासा.
- सहाही एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या चालल्या, तर बसचा आरएमएस सुमारे ३.१ मेगावॅट. ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य केबल किती तापेल ते यावर बघा.
- निव्वळ सरासरी २.४ मेगावॅट. १५ किंवा ३० मिनिटांच्या डिमांड मीटरवर दिसेल तो भार साधारण एवढाच.

एकाच बसचे चार आकडे, आणि चारही आपापल्या जागी बरोबर. “क्रेनचा डिमांड फॅक्टर किती घेऊ?” याला एकच उत्तर देणारा माणूस यातल्या तीन प्रश्नांचं उत्तर चुकवतो. वरच्या चक्रात चार किंवा अधिक क्रेन एकाच वेळी शिखरावर येण्याची शक्यता पावणेचार टक्के निघते. व्होल्टेज काठावर असेल तर चार क्रेनचीही एक केस चालवून बघा.

जुनी थायरिस्टर डीसी ड्राइव्ह असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उचल सुरू होताना वेग कमी असतो, तेव्हा तिचा पॉवर फॅक्टर फार वाईट असतो. किलोवॅट थोडे असले तरी केव्हीएआर भरपूर, आणि व्होल्टेज पडतं ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

५. रीफर (शीत) कंटेनरचे ४०० सॉकेट आहेत. प्रत्येकी ३२ अँपिअर. गुणाकार करू?

नको. ४१५ व्होल्टवर ३२ अँपिअर म्हणजे सॉकेटमागे सुमारे २३ केव्हीए, आणि ४०० चे ९ एमव्हीएपेक्षा जास्त होतील. गार झालेला कंटेनर सरासरीने काही किलोवॅटच घेतो, कारण कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. अपवाद दोन. पहिला: पुरवठा खंडित होऊन परत आला, की सगळे कंटेनर एकदम गार व्हायला लागतात. त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी विविधतेचा (सगळे भार एकदम शिखरावर येत नाहीत याचा) फायदा विसरा आणि वेगळी केस चालवा, किंवा गटागटाने चालू करण्याची सोय ठेवा. दुसरा: एप्रिल-मेचा उकाडा आणि आंब्याच्या किंवा मासळीच्या निर्यातीचा हंगाम एकत्र आला, तर यार्ड भरलेलं असतं आणि प्रत्येक कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. मीटरिंग त्याच दिवसांत करा, डिसेंबरात नको.

६. किती केसेस चालवायच्या? ठेकेदार एकच ‘मॅक्सिमम लोड’ केस देतोय.

एक केस म्हणजे अभ्यास नव्हे, ती औपचारिकता झाली. निदान एवढं तरी मागा: कमाल भार, सगळं शाबूत; कमाल भार, एक मुख्य ट्रान्सफॉर्मर बंद; कमाल भार, एक मुख्य केबल बंद आणि रिंग (दोन्ही बाजूंनी सप्लाय देता येईल अशी केबलची गोल जोडणी) दुसऱ्या बाजूने जोडलेली; किमान भार (प्रश्न ७); आणि आणीबाणीत जनरेटरवर (प्रश्न १४). हे सगळं आजच्या भारावर आणि वाढीव टप्प्यांच्या भारावरही.

ट्रान्सफॉर्मर बंद पडण्याची केस सगळे कबूल करतात, पण रिंगची विसरतात. रिंग एका ठिकाणी उघडी असते. तिथून शेवटच्या सबस्टेशनला उलट्या बाजूने सप्लाय द्यायचा तर वीज सगळ्या वळशाने जाते, आणि त्या वळशात कुठेतरी कधीकाळी टाकलेला जुन्या, बारीक केबलचा एखादा तुकडा असतो. एसएलडीवर (सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे जाळ्याचा एकरेषीय नकाशा) तो तुकडा बऱ्याचदा दिसत नाही.

७. धक्क्यावर जहाज नसतं तेव्हा व्होल्टेज वाढतं आणि पॉवर फॅक्टर लीडिंग जातो (केव्हीएआर उलटे, आपल्याकडून बाहेर जातात). मीटर बिघडलाय का?

मीटर बहुधा ठीक असतो. केबल स्वतःच कपॅसिटर असते. ११ केव्हीची २४० चौ. मिमी केबल किलोमीटरला साधारण १५ केव्हीएआर देते, ३३ केव्हीची ३०० चौ. मिमी केबल ८० च्या आसपास. समजा ६ किमी ३३ केव्ही आणि सगळी मिळून २० किमी ११ केव्ही केबल आहे, तर जवळपास ८०० केव्हीएआर सतत तयार होतात. रात्री हायमास्टचे एलईडी, ऑफिसं आणि थोडे रीफर मिळून भार ६०० किलोवॅट, तोही जवळजवळ एक पॉवर फॅक्टरचा. मग केव्हीए होतात १००० आणि पॉवर फॅक्टर ०.६ लीडिंग. त्यात कोणी जुनी कपॅसिटर बँक कायमची चालू ठेवली असेल तर विचारूच नका.

महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्च दाबाच्या ग्राहकांना केव्हीएएचवर (किलोवॅट-तासांवर नव्हे, केव्हीए-तासांवर) बिल येतं, त्यामुळे याची झळ खिशाला बसते. अपवाद एकच: मीटर केबलच्या कुठल्या टोकाला आहे ते बघा. मीटर बंदराच्या आतल्या टोकाला असेल, तर बाहेरच्या ३३ केव्ही केबलचे केव्हीएआर तुमच्या नावावर पडत नाहीत. किमान भाराच्या केसमध्ये हा बिंदू बरोबर दाखवला नसेल, तर आलेला पॉवर फॅक्टर निरर्थक.

८. व्होल्टेज कमी पडतंय. कपॅसिटर लावून भागेल ना?

जुन्या मोटरींच्या कन्व्हेयरवर भागेल. क्रेनच्या यार्डात आधी विचार करा. ड्राइव्हमधून हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरी) येतात, आणि कपॅसिटर व ट्रान्सफॉर्मर मिळून त्यातल्या एखाद्या हार्मोनिकवर सूर जुळवून बसतात. लोड फ्लो फक्त ५० हर्ट्झचं बघतो. त्याला सगळं छान दिसेल आणि साइटवर कपॅसिटर फुगतील. म्हणून हार्मोनिक्सचा अभ्यास वेगळा करावा लागतो. आयईईई ५१९ प्रमाणे १ ते ६९ केव्हीच्या जोडबिंदूवर व्होल्टेजची एकूण विकृती ५ टक्क्यांच्या आत हवी. कपॅसिटर लावायचेच असतील तर डीट्यून्ड रिअ‍ॅक्टरसकट (हा सूर जुळू न देणारी कॉइल) लावा, आणि रात्रीचं काय होईल ते प्रश्न ७ मध्ये वाचा.

त्याआधी टॅप बघा. ३३/११ केव्हीच्या ऑन-लोड टॅप चेंजरला सहसा १.२५ टक्क्यांचे १७ टॅप असतात, आणि वितरण ट्रान्सफॉर्मरलाही २.५ टक्क्यांचे ऑफ-सर्किट टॅप असतात. हे दुसरे टॅप कमिशनिंगच्या दिवशी होते तिथेच आजही अडकलेले असतात, ही माझी बहुतेक साइटवरची खात्री आहे. फुकटातला उपाय आधी करा.

९. डिझेलच्या यार्ड क्रेन विजेवर आणतोय. मॉडेलमध्ये काय बदलतं?

दोन गोष्टी. भार जागा बदलतो, आणि तो लघुदाबावर असतो. ३०० किलोवॅटची उचल ४१५ व्होल्टवर म्हणजे साडेचारशे अँपिअरच्या घरात. बसबार ब्लॉकच्या शेवटपर्यंत जातो, म्हणून क्रेन शेवटच्या टोकाला आणि त्याच ब्लॉकमध्ये दुसरी क्रेनही उचल करतेय, ही केस धरा. ब्लॉकच्या मध्यावर भार दाखवून काढलेला व्होल्टेज ड्रॉप स्वीकारू नका. बहुतेक वेळा निष्कर्ष एकच निघतो: सबस्टेशन ब्लॉकच्या जवळ न्या, बसबार जाड करत बसू नका.

१०. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवले की व्होल्टेज सुधारतं. मग कपलर (दोन बस जोडणारा ब्रेकर) बंदच, म्हणजे जोडलेलाच, ठेवू का?

लोड फ्लो म्हणेल ठेवा. शॉर्ट सर्किटचा हिशेब वेगळं सांगेल. २० एमव्हीए, १० टक्के इम्पीडन्सचा एक ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही बसवर जास्तीत जास्त साडेदहा किलोअँपिअर फॉल्ट करंट देतो, दोन समांतर असतील तर २१. जुने ३५० एमव्हीए क्षमतेचे पॅनेल १८.४ किलोअँपिअरचे आहेत, म्हणजे ते संपले. २५ किलोअँपिअरचे नवे पॅनेल असले तरी मोटरींचा वाटा मिळवा आणि मगच ठरवा. हा हिशेब आयईसी ६०९०९ प्रमाणे करून घ्या.

शिवाय दोघांचे टॅप सारखे नसतील तर एकातून दुसऱ्यात करंट फिरत राहतो. १० टक्के इम्पीडन्सच्या दोन सारख्या ट्रान्सफॉर्मरमध्ये १.२५ टक्क्याच्या एका टॅपचा फरक असेल तर क्षमतेच्या सहा टक्के, दोन टॅपचा असेल तर साडेबारा टक्के करंट भार नसतानाही फिरतो.

११. धक्क्यावरच्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यायची आहे. जहाज ६० हर्ट्झचं, आपण ५० चे. एका मॉडेलमध्ये बसेल का?

दोन मॉडेल समजा, मध्ये फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर. ५० हर्ट्झच्या बाजूने कन्व्हर्टर म्हणजे एक भार: जहाजाचे किलोवॅट अधिक कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरची हानी, पॉवर फॅक्टर कन्व्हर्टर ठरवेल तो. जहाजाचे केव्हीएआर इकडे येत नाहीत. ६० हर्ट्झच्या बाजूला कन्व्हर्टर हाच स्लॅक. तिथे केबलचा रिअ‍ॅक्टन्स ६०/५० ने वाढवायला विसरू नका.

आयईसी-आयईईई ८०००५-१ या मानकात कंटेनर जहाजांसाठी ६.६ केव्हीची जोडणी आणि ७.५ एमव्हीएपर्यंतची मर्यादा आहे. एवढा भार प्रत्येक जहाज घेत नाही, पण तो आला की तासन्‌तास हलत नाही, आणि क्रेनही त्याच जहाजावर त्याच वेळी चालू असतात. म्हणजे क्रेनशी विविधता जवळजवळ शून्य. केंद्राच्या २०२३ च्या हरित सागर मार्गदर्शक तत्त्वांत किनाऱ्यावरच्या विजेवर भर आहे, आणि युरोपातल्या मोठ्या बंदरांत २०३० पासून कंटेनर व प्रवासी जहाजांना ती घेणं बंधनकारक होतंय. आज सोय करत नसाल तरी सबस्टेशनात जागा ठेवा.

१२. सॉफ्टवेअर कुठलं? एक्सेलमध्ये होईल का?

ईटॅप, पॉवरफॅक्टरी, मायपॉवर यांपैकी कुठलंही चालेल. शिकायचं असेल तर पँडापॉवर फुकट आहे. आत सगळीकडे न्यूटन-रॅफसन किंवा त्याचाच भाऊबंद. १९६७ मध्ये टिनी आणि हार्ट यांनी ती पद्धत मोठ्या जाळ्यांवर चालवून दाखवली, तेव्हापासून तीच. एका सरळ फीडरला एक्सेल पुरतं. रिंग आली की नाही.

१३. सोल्यूशन कन्व्हर्ज होत नाही (गणित उत्तरावर स्थिरावत नाही). पुनरावृत्त्या वाढवू का?

वाढवून काही होत नाही. धड डेटा असला तर चार-सहा फेऱ्यांत उत्तर येतं. न आल्यास या क्रमाने बघा: ओहम आणि ओहम प्रति किमी यांची गल्लत, ट्रान्सफॉर्मरची केव्हीए क्षमता एमव्हीएच्या रकान्यात, ब्रेकर उघडा राहून तुटलेलं, स्लॅकच नसलेलं बेट, कपलरला दिलेला शून्य इम्पीडन्स. हे सगळं ठीक असेल तर भार खरोखर जास्त आहे. व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) भार स्थिर किलोवॅटचा असतो, व्होल्टेज पडलं की तो आणखी करंट ओढतो, आणि एका मर्यादेपलीकडे गणितालाही उत्तर सापडत नाही, जाळ्यालाही नाही.

१४. मेन सप्लाय गेल्यावर क्रेन डीजीवर (डिझेल जनरेटरवर) चालवतो. कंटेनर खाली सोडताना डीजी ट्रिप होतो. लोड फ्लोत दिसतं का?

दिसतं, केस केली तर. या केसमध्ये डीजी हाच स्लॅक. क्रेनला परत देणारी, म्हणजे ऋण ७०० किलोवॅटची करा, बाकी भार तेव्हाचा प्रत्यक्ष धरा. स्लॅकवर ऋण किलोवॅट दिसले तर साइटवर रिव्हर्स पॉवर रिले चालणारच. ग्रिड परतलेली वीज गिळतं, डिझेल इंजिनाला ती फारशी गिळता येत नाही. उपाय: त्या वेळी रीफरचा भार डीजीवर जोडलेला ठेवणं, ब्रेकिंग रेझिस्टर, किंवा आणीबाणीत क्रेनचा वेग कमी करणं. सोलर असेल तर दुपारी हीच अडचण लवकर येते.

१५. मॉडेल म्हणतं ६८ टक्के भार, मीटर म्हणतो ५०. कोण खोटं?

बहुधा भाराची यादी. सगळं जोडलेलं खरोखर चालतंय असं गृहीत धरलेलं असतं. एका आठवड्याचं मीटरिंग घ्या, त्यातला एक ओळखीचा क्षण निवडा (कोणत्या क्रेन, किती रीफर, कोणता टॅप, सगळं लिहिलेलं), आणि मॉडेल त्या क्षणावर जुळवा. जुळल्याशिवाय पुढच्या भाराचे अंदाज चालवू नका. केबलची क्षमताही बघा: कॅटलॉगमधला अँपिअर आकडा एकट्या केबलचा असतो. एकाच चरात सहा केबल कोरड्या भरावात पुरल्या असतील तर तो बराच कमी होतो, आणि ‘६८ टक्के’ तिथे शंभरीच्या पुढेही जाऊ शकतं.

१६. वाढवणसारख्या नव्या बंदराला आणि जुन्या बंदराला अभ्यास सारखाच?

पद्धत सारखी, डोकेदुखी वेगळी. वाढवणला प्रत्येकी १००० मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल्स नियोजित आहेत. तिथे जाळं कोऱ्या कागदावर आखता येतं आणि अनिश्चितता असते ती पुढच्या भाराची. मुंबई किंवा मुरगावसारख्या चालत्या बंदरात भार बराचसा माहीत असतो, पण पाया जुना आणि काम चालू ठेवूनच बदलायचा. म्हणून तिथे अंतिम रचनेच्या केसइतक्याच मधल्या प्रत्येक टप्प्याच्या केसेस लागतात: जुनं पॅनेल काढलंय, नवं अजून लागायचंय, एका ट्रान्सफॉर्मरवर सगळं बंदर. कोळसा किंवा खनिजाचं बंदर असेल तर मोठ्या कन्व्हेयर मोटर याच टप्प्यात सुरू करून बघा. पूर्ण झालेल्या रचनेत सहज सुटणारी मोटर अर्धवट रचनेत टर्मिनलचं व्होल्टेज ८० टक्क्यांखाली नेऊ शकते. टप्प्यांच्या केसेस निविदेतच लिहून मागा, नंतर त्या ‘अतिरिक्त काम’ म्हणून येतात.